आईची पाठ धक्क्याकडे

भिंगरीच्या घरात कुणीही कुठूनही खाली उतरलं, तर दोन्ही पाय जोडून उतरायचं आणि जिथं टेकले तिथंच ठेवायचे, असा नियम होता. मग ते स्टूल असो, बस असो नाहीतर पलंग. टेकल्यावर पाऊल हललं की चूक. नियम घातला होता कोचसरांनी, आणि तोही फक्त भिंगरीसाठी. पण घरात एकाला खोकला झाला की सगळ्यांना होतो, तसं झालं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टच्या खड्ड्यात शिडीवरून उतरताना ते शेवटची पायरी सोडून उडी मारत, पाय जोडून क्षणभर पुतळ्यासारखे उभे राहत, आणि मगच वर उभ्या असलेल्या माणसाकडे पाना मागत. हाताखालचे लोक आधी हसले. नंतर तेही पाय जोडून उतरायला लागले, आणि गुडघे दुखतात म्हणून बाबांनाच बोल लावायला लागले.

कोचसर अंगानं आडवे आणि बोलायला सरळ. त्यांचं म्हणणं असं, की हवेत माणूस काय वाटेल ते करतो, हवेला कोण विचारतो; माणूस कळतो तो जमिनीवर टेकल्यावर. "उतरल्यावर पाऊल हललं की सगळं पाण्यात," हे त्यांचं लाडकं वाक्य. पुढं भिंगरी खरोखरच पाण्यात जाणार आहे हे तेव्हा माहीत नसल्यामुळं ते हे वाक्य बिनदिक्कत वापरत.

आई शिवणकाम करायची. भिंगरीचे अंगाला चिकटून बसणारे, चमचमणारे कॉश्च्यूम तीच शिवायची आणि तेवढ्यावरून सगळ्या क्लबचे तिच्याकडे यायला लागले होते. गंमत अशी, की आपल्या मुलीची एकही स्पर्धा तिनं पाहिलेली नव्हती. म्हणजे हजर प्रत्येक स्पर्धेला असायची. पहिल्या स्पर्धेत भिंगरी बीमवर, म्हणजे त्या चार बोटं रुंद लाकडी पट्टीवर, चढली आणि आईनं नीट दिसावं म्हणून जरा पुढं वाकून बघितलं. नेमकी त्याच क्षणी भिंगरी खाली आली. कोचसर म्हणाले, टाच चुकली. बाबा म्हणाले, पट्टी ढिली असेल, एकदा पाना लावून बघू का. आईनं मात्र दोष आपल्या नजरेचा हे मनाशी पक्कं केलं आणि कानाला खडा लावला. त्या दिवसापासून ती मैदानाकडे पाठ करून बसायला लागली.

आता प्रेक्षागृहातल्या खुर्च्या एकाच दिशेला असतात. त्यामुळं आईच्या मागच्या रांगेत जो कुणी बसे, त्याला पूर्ण स्पर्धाभर एक अनोळखी बाई आपल्या तोंडाकडे टक लावून बघतेय हे सहन करावं लागे. काही जण जागा बदलत. एक गृहस्थ तर आपण कुठं हिचे पैसे बुडवलेत का हे आठवत घरी निघून गेले. आई मात्र शांतपणे समोरचे चेहरे वाचायची. भिंगरीची एकही उडी तिनं पाहिली नव्हती. पण ती उडी बघणारी माणसं तिच्याइतकी कुणीच पाहिली नव्हती.

वृत्तांत द्यायला शेजारी बाबा असत. बाबांना जिम्नॅस्टिक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते लिफ्टच्या भाषेत सांगत.

"वर गेली," ते म्हणत. "अजून वरच आहे. आता खाली येतेय. लागली."

'लागली' म्हणजे लिफ्ट मजल्याशी बरोबर बसली. पाऊल जरा सरकलं, तर ते घसा खाकरून म्हणत, "बोटभर खाली लागली." एवढ्यात आईला सगळं कळायचं. उरलेलं घरी आल्यावर कॉश्च्यूम उलटा करून कळे. कुठली शिवण ताणलीय, कुठं दोरा उसवलाय, हे बघून ती बिनचूक सांगायची, की आज दुसऱ्या उडीत डावा खांदा उशिरा आला. कोचसर हे ऐकून अवाक होत आणि मग अवाक झालो नाही असं दाखवत.

आणि भिंगरीला बीमवरून काय दिसे? हजार चेहरे, आणि त्यांच्यात मधोमध एक अंबाडा. कितीही गिरक्या घेतल्या तरी डोळे तो अंबाडा शोधायचे, सापडला की जग जागेवर. ती कधी चक्कर येऊन पडली नाही. वयाच्या विशीपर्यंत तिनं जिंकण्यासारखं सगळं जिंकलं. घरातलं कपाट पदकांनी इतकं भरलं, की आईला बॉबिन ठेवायला जागा उरली नाही.

मग गुडघे कुरकुरायला लागले, आणि त्याच सुमारास नौदलाचं बोलावणं आलं. नौदलाला खेळाडू अधिकारी हवे होते. मुलाखतीत त्यांनी विचारलं, पोहता येतं का? भिंगरी खरं बोलली. नाही येत म्हणाली, पण मी सहसा पडत नाही. समोरचे साहेब लोक हसले आणि त्यांनी तिला घेतलं. पोहायला नंतर शिकवलं.

क्रीडा विभागाच्या साहेबांच्या डोक्यात तिचं पुढचं आयुष्य तयारच होतं. पांढरा गणवेश घालायचा, समारंभात झेंड्याजवळ एक सुरेख हातउडी मारायची, फोटो काढून घ्यायचा, घरी जायचं. पहिल्या समारंभात झकास झालं. दुसऱ्या समारंभात हातउडी मारताना तिची टोपी उडाली ती थेट प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर, आणि पाहुण्यांना वाटलं हा सत्काराचा भाग आहे. त्यांनी ती घातली आणि भाषणभर डोक्यावर ठेवली. बोडक्या डोक्यानं उभ्या राहिलेल्या भिंगरीला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून ती पाहुण्यांच्या मागं पसरलेलं बंदर बघत बसली. एक छोटी गस्ती बोट धक्क्याकडे येत होती. सगळ्यांची पाठ तिच्याकडे. बोट आली, हळू झाली, वळली, धक्क्याला टेकली आणि उभी राहिली.

भिंगरीच्या मनात आलं, अरे, हे तर उतरणं आहे. जगात आपल्याला येतं तसलं आणखी एक काम आहे आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

तिनं बोट मागितली. क्रीडा विभागाचे साहेब म्हणाले, हौस आहे, फिटेल. एक मोसम दिला तिला. मोसम संपेपर्यंत कप्तानांनी ही एकटी बोट सांभाळू शकते असं म्हटलं तर ठीक, नाहीतर परत जमिनीवर. झेंडा वाट बघतोय.

तर अशी भिंगरी गस्ती बोटीवर आली, आणि बोटीनं तिचं स्वागत तिला आडवं करून केलं. बारवर उलटीसुलटी फिरताना जिचं डोकं कधी गरगरलं नाही, तिला बंदरातून बाहेर पडता पडता भडाभडा ओकारी आली. आधी तिला वाटलं, काहीतरी बाधलं. मग कळलं, समुद्रच बाधला. पुष्कळ उपाय झाले. शेवटी तिला स्वतःलाच शोध लागला, की हातांवर उलटं उभं राहिलं की बरं वाटतं. का, ते डॉक्टरलाही सांगता येईना. त्यामुळं समुद्र खवळला की ती आपल्या खोलीत हातांवर उभी राही. एकदा कप्तान दार वाजवून आत आले, तेव्हा समोर तिचे बूट होते. त्यांनी बुटांशीच वाऱ्याबद्दल बोलून घेतलं, बुटांना धन्यवाद दिले आणि निघून गेले.

कप्तान असे होते. त्यांचा आवाज कधी वाढायचा नाही. ब्रिजवर, म्हणजे बोट जिथून चालवतात त्या वरच्या काचेच्या खोलीत, ते एका उंच खुर्चीवर बसून संत्रं सोलत. साल एका सलग पट्टीत निघाली पाहिजे हा त्यांचा एकमेव हट्ट. खलाशी त्या सालीवरून हवामान ओळखत. साल अखंड निघाली म्हणजे सगळं आलबेल. साल तुटली, की सारंग, म्हणजे दोर आणि डेक सांभाळणारा म्हातारा मुकादम, न सांगता आपल्या माणसांना जॅकेटं घालायला लावी.

सगळं हळूहळू जमत गेलं. नकाशे जमले, दिवे जमले, ओकारीही आटोक्यात आली. भर समुद्रात भिंगरी बोट अशी चालवी, की स्वयंपाकी भांडी बांधून ठेवायचा विसरू लागला. अडलं ते एका ठिकाणी. तिच्या लाडक्या ठिकाणी. धक्क्याला लागताना.

पहिल्यांदा तिच्या हाती बोट दिली तेव्हा ती सुरेख येत होती. धक्का म्हणजे पाण्यात सरळ घुसलेली एक लांब दगडी जीभ. तिच्या उजव्या अंगाला बोट लावायची, म्हणजे बोटीची डावी कूस धक्क्याला टेकते. कोन बरोबर, वेग बरोबर. मग वाऱ्यानं मागची बाजू जरा ढकलली. कप्तान संत्र्यावरून नजर न काढता म्हणाले, मागं घ्यावी. भिंगरीला ते ऐकू आलं. तिला ते कळलंही. पण अंगात मुरलेलं काहीतरी म्हणालं, आता टेकतेच आहे, आता हलायचं नाही. तिनं एक श्वास थांबून बघितलं.

बोट धक्क्याला लागायची, त्याऐवजी धक्काच बोटीला लागला. धक्क्याच्या कडेला एक जुना वजनकाटा उभा होता, माणसं वजन करायचा. तो गेला पाण्यात. हा काटा सगळ्यांचं वजन चार घरं कमी दाखवी, त्यामुळं अख्ख्या बंदराचा त्याच्यावर फार जीव होता. स्वयंपाकी दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्या दिवशी संत्र्याच्या सालीचे तुकडे ब्रिजवर सगळीकडे पडले होते.

दुसऱ्यांदा तेच. फक्त या वेळी कप्तानांनी शेवटच्या क्षणी स्वतः हुकूम देऊन बोट मागं ओढली आणि वजनकाट्याच्या जागी ठेवलेली कुंडी वाचली. नंतर त्यांनी तिला शेजारी उभं केलं.

"तुम्ही मागं का घेत नाही?" त्यांनी विचारलं.

भिंगरीनं त्यांना सगळं सांगितलं. कोचसर, जोडलेले पाय, एका पावलाला कापला जाणारा एक दशांश, बाबांची शिडी. एक दशांशानं ती एकदा पहिली आली होती आणि एकदा दुसरी. कप्तानांनी पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एक फोडही खाल्ली नाही.

"इथं गुण कापायला कुणी बसलेलं नाही," ते म्हणाले. "बोटीला मागं जाता येतं. म्हणून तर तिला इंजिन बसवलंय. चुकलं तर मागं घ्या, बाहेर जा, पुन्हा या. दिवसभर या. धक्का कुठं पळून जात नाही."

भिंगरी हो म्हणाली. डोक्याला पटलं होतं. पायांना कोण सांगणार?

मोसम संपत आला. बोट डागडुजीसाठी कोरड्या गोदीत जायची होती. त्याआधी एकच फेरी उरली होती, ती म्हणजे घरच्यांची फेरी. वर्षातून एकदा खलाशांच्या नातेवाइकांना बोटीवर घेऊन दुपारपर्यंत फिरवून आणायचं, म्हणजे आपला माणूस महिनोन् महिने कुठं असतो ते त्यांना कळतं आणि परत विचारत नाहीत. कप्तान म्हणाले, येताना बोट तुम्ही लावायची. वेगळं काही बोलले नाहीत. पण क्रीडा विभागाच्या साहेबांनी पुढच्या समारंभासाठी तिच्या टोपीला हनुवटीखालून इलॅस्टिक लावून ठेवलंय, ही बातमी बोटीवर सगळ्यांना होती.

घरच्यांच्या फेरीला आई, बाबा आणि कोचसर आले. कोचसर हे काही नातं नव्हे, पण दारावर कोण म्हणून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी हिचं उतरणं," आणि पहारेकरी त्या उत्तराचा विचार करत असताना आत आले. तिघंही फळीवरून डेकवर पाय जोडून उतरले आणि स्तब्ध उभे राहिले. मागची रांग तुंबली. सारंगाला वाटलं, ही कुठलीतरी सलामी आहे. त्यानंही पाय जोडले.

मागच्या डेकवर मधोमध एक लांब बाक पक्कं बसवलेलं होतं, दोन्ही बाजूंनी बसता येईल असं, मध्ये टेकायला पाठ. एका बाजूला बसलं की बोटीची डावीकडची दुनिया दिसते, दुसऱ्या बाजूला बसलं की उजवीकडची. आईनं सारंगाला विचारून घेतलं, बोट धक्क्याला कुठल्या अंगानं लागते. डाव्या, तो म्हणाला. तशी आई उजवीकडे तोंड करून बसली. धक्क्याकडे पाठ. बाबा शेजारी, पण उलट्या बाजूला तोंड करून, वृत्तांतासाठी. कोचसर बाबांच्या पलीकडे. त्यांच्या अंगात फुगीर नारिंगी जॅकेटं चढवली होती आणि इतके नातेवाईक दाटीवाटीनं बसले होते, की एकदा बसल्यावर हलायची सोय नव्हती. आईला ते पसंत पडलं. ती म्हणाली, प्रेक्षागृहापेक्षा बरं आहे, इथं समोर कुणाचं तोंड नाही.

जाताना सगळं छान झालं. समुद्र सपाट, वारा नावाला. बाबा तर खुशीत होते. ते इतरांच्या नातेवाइकांना समजावून सांगत होते, की बोट म्हणजे शेवटी लिफ्टच, फक्त मजले नाहीत.

परतताना वारा उठला.

भिंगरी ब्रिजच्या बाहेरच्या कठड्याशी उभी होती. तिथून पुढं धक्का दिसत होता आणि मागं वळून पाहिलं की डेकवरचं बाक. तिनं सवयीनं आधी अंबाडा शोधला. सापडला. वाऱ्यानं जरा विस्कटलेला, पण जागेवर. आत कप्तानांनी खिशातून संत्रं काढलं.

तिनं वेग कमी केला. सुकाणूवरच्या खलाशाला शांतपणे हुकूम देत ती बोट आणू लागली, धक्क्याच्या उजव्या अंगानं, नेहमीसारखी. कोन बरोबर. वेग बरोबर. खाली सारंगाची माणसं हातात दोर घेऊन तयार. बाकावरून बाबांचा आवाज आला, "येतेय. बरोबर येतेय." कोचसर पुढं झुकले होते आणि त्यांनी नकळत स्वतःचे पाय जोडले होते.

मग वाऱ्यानं ढकललं. त्या अंगाला वारा धक्क्याकडेच जात होता, आणि बोटीची मागची बाजू तो उचलून धक्क्याकडे नेत होता. मघाशी नव्हता इतका. तिला ते तळपायांत कळलं, बीमवर कळायचं तसं. अजून जमेल, अंग म्हणालं. जवळच आहे. टेक आणि हलू नकोस.

तिनं मागं पाहिलं. आईची पाठ. सगळ्या आयुष्यात ती पाठ होती म्हणून ती पडली नव्हती, असा आईचा हिशेब. आता मागं घेतली, तर धक्क्याच्या दुसऱ्या अंगाला जावं लागणार होतं, वाऱ्याच्या आडोशाला. तिकडं वारा बोटीला धक्क्यापासून लांब ठेवतो, आपटू देत नाही. तेच शहाणपणाचं होतं. पण तिकडून आलं, की बोटीची उजवी कूस धक्क्याला लागणार. आणि बाक तर खिळ्यांनी पक्कं. आईचं तोंड सरळ धक्क्याकडे येणार. म्हणजे एकदम दोन्ही. पाऊलही हलणार आणि आईही बघणार. अशा दिवशी बीमवर ती चढलीच नसती.

आत संत्र्याची साल निम्म्यावर आली होती. कप्तान काही बोलले नाहीत. या वेळी ते बोलणारच नव्हते, हे तिच्या लक्षात आलं.

"दोन्ही इंजिनं मागं," भिंगरी म्हणाली.

आवाज तिला स्वतःचा वाटला नाही, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. बोट थरथरली, थबकली आणि धक्क्यावरची कुंडी हळूहळू लांब जाऊ लागली. धक्क्यावर उभे असलेले लोक जरा हिरमुसले. वजनकाट्यानंतर ते मुद्दाम बघायला यायचे.

बाकावर कोचसरांनी कपाळावर हात मारला. "गेला दशांश," ते म्हणाले. "पाऊल गेलं. आता कसलं आलंय." आणि त्यांनी दोन्ही तळहातांनी डोळे झाकून घेतले. इतक्या वर्षांत त्यांनी भिंगरीचा एकही क्षण चुकवला नव्हता, पण मागं मागं जाणारं उतरणं बघणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

बोट मागं सरकून बाहेर पडली, मग वाऱ्यात मोठा वळसा घेऊ लागली. वळताना ती आडवी डुलली. पुन्हा डुलली. बाबांचा चेहरा आधी गंभीर झाला, मग फिकट, मग कोवळ्या पानाच्या रंगाचा. वर-खाली जाण्यात त्यांचा सगळा जन्म गेला होता; आडव्याचा त्यांना सराव नव्हता. सारंगानं अनुभवी नजरेनं त्यांच्याकडे बघून एक बादली आणून दिली. बाबांनी बादलीत तोंड घातलं आणि वृत्तांत थांबला.

"अहो," आई समोर बघत म्हणाली, "कुठं आहे ती?"

बादलीतून आवाज आला, पण माहिती नाही आली.

"कोचसर?"

"मी बघत नाहीये," कोचसर तळहातांमागून म्हणाले. "मला विचारू नका."

आईच्या समोर आता नुसतं पाणी होतं. मग पाण्याच्या कडेनं हळूहळू काहीतरी करडं आत सरकलं. दगड. दगडावरची माणसं. कुंडी. धक्का तिच्यासमोर आपण होऊन येत होता, जणू कुणी पाटावर ठेवून तिच्या पुढ्यात सरकवावा. उठायला जागा नव्हती, वळायला जॅकेट देत नव्हतं. डोळे मिटता आले असते. तिनं मिटलेही. मिटल्यावर तिच्या मनात सरळ विचार आला, की आता आपल्या घरचं कुणीच बघत नाहीये. एक बादलीत आहे, एक हाताआड आहे, आणि पोरगी तिकडं एकटी.

आईनं डोळे उघडले.

आधी तिनं समोरचा धक्का पाहिला. मग मान जितकी वळते तितकी वळवून वर पाहिलं. काचेच्या खोलीबाहेर कठड्याशी पांढऱ्या गणवेशात तिची मुलगी उभी होती. ताठ नव्हती. बोट डुलली की तिचं एक पाऊल इकडं पडत होतं, बोट परत आली की तिकडं, अगदी सहज, दळण आणायला निघालेल्या माणसासारखं. ओठ हलत होते. तिनं एक हात वर केला, खाली सारंगानं दोर फेकला, धक्क्यावर कुणीतरी तो झेलला. हात पुन्हा वर गेला, दुसरा दोर गेला. वारा बोटीला धक्क्यापासून लांब ढकलत होता आणि दोर तिला धक्क्याकडे ओढत होते, आणि त्या ओढाताणीत ती लांबलचक लोखंडी वस्तू इतकी हळू सरकत आली, की कधी टेकली ते कळलंच नाही. कुंडीतलं पान हललं, पण ते वाऱ्यानं.

भिंगरीनं मागं वळून पाहिलं. सवयीनं अंबाडा शोधला. अंबाडा नव्हता. त्या जागी आईचा चेहरा होता, तिच्याकडे बघणारा. पायाखालची बोट जागेवर होती. धक्का जागेवर होता. सगळं जागेवर होतं.

आत कप्तानांनी सालीची अखंड पट्टी उचलून धरली, एकदा बघितली आणि खिडकीच्या कडेला टांगून ठेवली. "पुढच्या मोसमात मला संत्री जास्त आणावी लागतील," ते म्हणाले. "माझ्याकडे दुसरं काही काम राहणार नाही असं दिसतंय." मग फोनवर क्रीडा विभागाच्या साहेबांना त्यांनी सांगितलं, की इलॅस्टिक लावलेली टोपी दुसऱ्या कुणाच्या मापाची होत असेल तर बघा, आमचा माणूस इथंच राहतोय.

खाली बाकावर कोचसरांनी बोटं जरा फाकवून विचारलं, "लागली?"

"लागली," आई म्हणाली.

"पाऊल हललं?"

"पुष्कळ हललं. सारखंच हलत होतं."

"आणि पडली नाही?"

"मी बघत होते की," आई म्हणाली. "कुणीतरी बघायला नको का?"

कोचसरांनी हात खाली घेतले. त्यांनी मान मागं वळवून धक्क्याकडे पाहिलं, दोरांकडे पाहिलं, बोटीच्या आणि दगडाच्या मधे दबलेल्या रबरी टायरांकडे पाहिलं. फट कुठंही कमीजास्त नव्हती. बाबांनी बादलीतून डोकं वर काढलं, ओल्या डोळ्यांनी मागं वळून तीच फट बघितली आणि त्यांचा चेहरा माणसाच्या रंगावर आला. "अगं, बरोबर मजल्यावर आहे," ते म्हणाले. "एक बोटसुद्धा खाली-वर नाही."

भिंगरी ब्रिजच्या शिडीवरून उतरली. शेवटची पायरी सोडून तिनं नेहमीसारखी उडी मारली, पाय जोडून. तेवढ्यात एका लाटेनं डेक जरासा उचलला, आणि तिनं एक पाऊल पुढं टाकलं. कोचसरांनी ते पाहिलं. त्यांच्या ओठांची हालचाल झाली. एक दशांश कापल्याशिवाय त्यांना राहवलं नसावं. पण मग त्यांनी स्वतःच उभं राहायचा प्रयत्न केला, डेक पुन्हा डुलला, ते स्वयंपाक्याच्या मावशीच्या मांडीवर बसले, आणि तो दशांश त्यांनी गुपचूप परत दिला.

आईला जॅकेटातून सोडवायला सारंगाची दोन माणसं लागली. मोकळी झाल्यावर ती भिंगरीसमोर उभी राहिली. आईनं हात पुढं केला, भिंगरीच्या उजव्या खांद्यावरची शिवण चिमटीत धरली आणि डोळे बारीक केले.

"हात वर केलास की इथं ओढतं," ती म्हणाली. "मघाशी दिसलं मला. कुणी शिवलाय हा?"

"नौदलानं," भिंगरी म्हणाली.

"कळतंच आहे. काढ. घरी नेते."

भिंगरी म्हणाली, आत्ता नाही काढता येणार, अजून माझी ड्यूटी आहे. आईला ते पटलं. ती पुन्हा बाकावर जाऊन बसली, भिंगरीकडे तोंड करून, आणि म्हणाली, हरकत नाही, तुझं होऊ दे, मी बघत बसते.